फाल्गुनात जन्मलेली गोलकीपर

मी पीटीचा शिक्षक. केज तालुक्यात एका सहकारी साखर कारखान्याने आपल्याच आवारात शाळा काढली होती, तिथेच माझी सगळी नोकरी झाली. मला मनातलं बोलता येत नाही. शिट्टी वाजवून जेवढं सांगता येतं तेवढंच मी मुलांना सांगत आलो, आणि घरीही साधारण तेवढंच. बायको म्हणते, "तुमच्या पोटातलं काढायचं म्हंजी कोरड्या आडात बादली सोडायची. खाली टेकल्याचा आवाज येतो, वर काय येत न्हाई." तिला वाटतं हा स्वभाव आहे. काही भाग स्वभावाचा आहेच. उरलेला इथे लिहितो.

सलग तीन पावसाळे कोरडे गेले ती वर्षं. आमच्या भागात ऊसच उभा नव्हता, म्हणून कारखान्याचं धुराडं पेटलं नाही. कामगार सकाळी येऊन हजेरी लावायचे आणि लिंबाखाली बसायचे. साखरेचं मोठं गोदाम रिकामं पडलं. गुळगुळीत सिमेंटची जमीन, उंच पत्रा, वर जाळीच्या खिडक्या. साखर जाऊन वर्ष झालं तरी मुंगळे येतच होते आणि मळीचा आंबूस वास भिंतींना धरून होता. मी नुकताच पुण्याकडे एका शिबिराला जाऊन फुटसाल हा खेळ शिकून आलो होतो. पाच-पाच जणांचा फुटबॉल, छपराखाली, छोट्या मैदानावर. बॉल जड आणि कमी उसळणारा. मी गोदामात शिरलो, पावलांनी लांबी-रुंदी मोजली आणि मनात म्हटलं, हे तर मैदानच आहे.

वर्कशॉपच्या फिटरने रिकामपणी पाइप जोडून दोन गोल करून दिले. चुन्याच्या रेषा टिकेनात म्हणून पिवळा ऑइलपेंट मारला. बॉल मिळाला नाही तोवर साध्या फुटबॉलमधली हवा कमी करून खेळवलं. गावात प्यायला टँकर आणि आमच्या मुली गोदामात पळायच्या. एक गोष्ट आधी सांगून टाकतो. चौथ्या वर्षी मृगात आभाळ भरून आलं तेव्हा सगळे अंगणात येऊन वर बघत होते, आणि मी मनात म्हणालो, अजून एक वर्ष नको. ऊस आला असता तर साखर आली असती, आणि गोदाम गेलं असतं. हे पाप मी कुणाजवळ बोललो नाही. पुढचं त्याहून मोठं आहे.

शाळेच्या वसतिगृहात ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं असत. आईबाप दिवाळीनंतर कृष्णाकाठच्या कारखान्यांवर जात, मुलं आमच्याकडे राहत. त्यातली एक मुलगी गोलकीपर झाली. निवडली मी नाही. पहिल्या दिवशी सगळ्या पोरी बॉलमागे धावल्या आणि ही एकटी गोलात उभी राहिली. विचारलं तर म्हणाली, "सगळ्याच तिकडं गेल्यावर इकडं कोन बगनार सर?"

तिच्या अंगात आईचा शर्ट असायचा. उसाचं पाचट हात कापतं म्हणून तोडणी करणाऱ्या बाया लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तो. सिमेंटवर पडून कोपरं सोलायची, त्यावर तो बरा पडायचा. गुडघ्यांना ती सलवारीच्या आतून चिंध्या बांधायची. या खेळात गोलकीपरला हातात आलेला बॉल चार सेकंदांत सोडावा लागतो, नाहीतर पंच तो समोरच्यांना देतो. ती मोठ्याने मोजायची. "एक, दोन, तीन," आणि बॉल गेलेला असायचा. चौथा आकडा मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. बाकीच्या पोरी चिडवायच्या, "बये, तुला चारापुढं येतंय का न्हाई?" ती म्हणायची, "मला चार बी लागत न्हाईत."

जिल्ह्याला जिंकलो, विभागाला हरलो, तरी हिला राज्याच्या निवडीला बोलावलं, आणि तिथून थेट देशाच्या मुलींच्या संघाचं सराव शिबिर. आग्नेय आशियातल्या एका शहरात आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती, आठ देशांचे संघ. शिबिरातून तिथल्या प्रशिक्षक बाईंचा फोन आला. "सर, दोन गोलकीपर नेणार आहोत, त्यात तुमची मुलगी नक्की." मी गोदामात जाऊन एकटाच बसलो. मुंगळे पायावर चढत होते ते झटकायचं भान नव्हतं.

आठवड्याने त्यांचाच दुसरा फोन. स्पर्धेच्या आयोजकांनी वयाची अट पक्की केली होती. अमुक वर्षाच्या एक जानेवारीनंतर जन्मलेल्या मुलीच चालतील. आमच्या मुलीच्या दाखल्यावर त्याआधीच्या वर्षाची एक जून होती. "सात महिन्यांनी राहतेय, सर. जन्माचा वेगळा दाखला असेल तर बघा. आणि शाळेची नोंद दुरुस्त केल्याचं पत्र. महिन्याच्या आत."

एक जून. आमच्याकडच्या कुठल्याही शाळेचं जुनं रजिस्टर उघडा, निम्मा गाव एक जूनला जन्मलेला सापडेल. आईबापाजवळ कागद नसतो, शाळा जूनमध्ये भरते, गुरुजी तीच तारीख टाकून मोकळे होतात. माझी स्वतःची तारीख एक जून आहे. पण या मुलीची मी टाकली होती. पाचवीच्या प्रवेशाला कारकून रजेवर होता, म्हणून मी रजिस्टर घेऊन बसलो होतो. तिची आई समोर उभी राहून सांगत होती, "पोरगी रंगपंचमीची हाय, गुर्जी. उसाच्या फडावर झाली. मुकादमानं कुनाला रंग खेळू दिला न्हाई, गाडी भरायची व्हती."

मी म्हणालो, "मावशी, रजिस्टरात रंगपंचमी लिहीत नाहीत." आणि एक जून लिहिलं. सालही आईने सांगितलं ते घेतलं नाही. पाचवीला वय भरायला हवं होतं म्हणून एक मागे ओढलं.

त्यालाही कारण होतं. त्या वर्षी पाचवीची दुसरी तुकडी टिकायला मुलांचा पट कमी पडत होता, आणि तुकडी टिकली तरच माझं पद टिकणार होतं. म्हणून त्या पानावर मी वय कमी असलेली मुलं मोठी केली, मोठी होती ती लहान केली, आणि आईबापासोबत फडावर जाणाऱ्या, शाळेत कधी न आलेल्या चार-पाच पोरांची नावंही लावली. सगळ्यांची एक जून. माझी कायम नोकरी त्या एका पानावर उभी राहिली. अक्षर माझं.

फोन आल्यावर मी मुलीला म्हणालो, "तुझ्या जन्माचा कागद शोधून आणतो." हे मात्र मनापासून म्हणालो. तिच्या आईकडून फडाच्या गावाचं नाव घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीने निघालो. दोन ठिकाणी गाडी बदलून दुपार कलताना सांगलीकडच्या त्या गावात उतरलो. रस्त्याच्या कडेच्या पाटाला पाणी वाहत होतं. मी चपला काढून पाय त्यात सोडले आणि बराच वेळ तसाच बसलो. आमच्याकडे त्या महिन्यात दर दोन दिवसांनी एका घराला चार घागरी मिळत होत्या.

ग्रामसेवक भला माणूस. म्हणाला, "बीडच्या बायकांच्या बाळंतपणाच्या नोंदी आमच्याकडं ढीगभर. नर्सबाई लई काटेकोर होत्या, फडावर जाऊन लिहून आणायच्या." अर्ध्या तासात नोंद सापडली. मुलगी, आईचं नाव, बापाचं नाव, राहणार जिल्हा बीड. मार्चमधली तारीख. आईने सांगितलेलंच साल. त्याच्या भिंतीवर पंचांगाची जुनी पानं नव्हती, पण घरी आल्यावर मी ताडून पाहिलं. तो दिवस रंगपंचमीचा होता.

ती अटीत बसत होती. उताऱ्यावर शिक्का मारून ग्रामसेवकाने माझ्या हातात दिला. मी चौघडी करून खिशात ठेवला.

परतीच्या गाडीत मी काय विचार केला ते मला नीट आठवतं, म्हणून त्या वेळी गोंधळलो होतो असं म्हणता येणार नाही. शाळेची नोंद दुरुस्त करायची तर मुख्याध्यापकांचा अर्ज शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणार, सोबत रजिस्टरचं मूळ पान जाणार. पान बघणारा एका ओळीवर थांबेल का?

मुख्याध्यापक वयाने माझ्यापेक्षा मोठे, खुर्चीत जरा कलून बसायची सवय. मी त्यांना नोंद सापडल्याचं सांगितलं. त्यांनी रजिस्टर मागवलं, पान काढलं, चष्मा वर केला.

"झकास मोत्यावानी अक्षर हाय सर तुमचं."

त्यांनी चष्मा खाली घेतला.

"कागद जाळा म्हणत न्हाई मी. अर्ज करा म्हणताल तर करतो, सही करतो. पण पान गेलं की पान गेलं. त्यांनी इचारलं, बाकीची पोरं कुटंयत, तर मी म्हणनार, सर सांगतील." मग हसले. "पोरगी गुनाची हाय हो. पन खेळ खेळून आमच्याकडं कोनाचं काय झालंय? विमानात बसून येईल आनि पुना फडावरच जाईल."

त्यांनी मला काही करायला लावलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण कितीतरी वर्षं मी मनात त्यांच्यावर ढकलत आलो. रजिस्टर त्यांनी मिटलं आणि माझ्याकडे सरकवलं. मी ते कपाटात ठेवलं. कागद खिशातच राहिला.

मुलगी गोदामाच्या दाराशी उभी होती. सुट्टी होऊन गेली होती, बाकी कुणी नव्हतं.

"घावला का सर?"

"नाही," मी म्हणालो. "तिथं नोंदच नाही."

"आई तर म्हणती, नर्स आलती म्हणून. लिहून नेलं म्हणून."

एवढ्यावर थांबलो असतो तरी खोटं एकच राहिलं असतं. पण तिचा चेहरा बघवेना, आणि तो प्रश्न माझ्याकडून दुसरीकडे कुठेतरी जावा असं वाटलं. मी म्हणालो, "तुझ्या आईला नीट आठवत नसणार. दरसाल फडावर जाणारी माणसं, कुठलं पोर कुठल्या साली झालं, कसं ध्यानात राहील? साल चुकलंय तिचं."

ती म्हणाली, "मंग आई येवढं मोप बोलती कावून? मला उगं आशेला लावलं."

शिबिराच्या बाईंना मी फोनवर कागद मिळत नाही असं कळवलं. त्या हळहळल्या. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली.

स्पर्धेचे सामने इंटरनेटवर दिसायचे. दुपारची वेळ. शाळेच्या संगणकाच्या खोलीत मी आमच्या संघाच्या मुलींना पहिला सामना दाखवला, म्हणजे मीच हौसेने आधी कबूल केलेलं होतं, आता मागे फिरता येईना. ती येणार नाही असं वाटलं होतं. आली, आणि पुढेच बसली. आपला संघ निळ्या शर्टात उभा राहिला, राष्ट्रगीत लागलं, मुली उभ्या राहिल्या, तीही राहिली. समोरचा संघ उंच मुलींचा, पायात बॉल चिकटल्यासारखा. पहिली पाच मिनिटं आपल्या मुलींनी नुसती पळापळ केली. मग आपल्या गोलकीपरने एक बॉल अडवला, पोटाशी धरला आणि इकडे द्यावा की तिकडे, बघत राहिली.

"एक," पुढून आवाज आला. "दोन. तीन. सोड की बये. सोड!"

शिट्टी वाजली. पंचाने चार बोटं दाखवली आणि बॉल समोरच्यांना दिला. त्यावरच गोल झाला. खोलीतल्या पोरी ओरडल्या, "आपली आसती तर!" कुणीतरी तिच्या पाठीत थाप मारली. तिने मागे वळून मला विचारलं, "सर, तिला कोनी शिकिवलं न्हाई का?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. मी म्हणालो, "घाबरली असेल." तिने मान हलवली. आपण तो सामना मोठ्या फरकाने हरलो. पुढचे दोन्ही. उरलेल्या सामन्यांना मी डोकं दुखतं म्हणून घरी राहिलो.

दिवाळीनंतर ती वसतिगृहात आली नाही, आईबापाबरोबर फडावर गेली. चैत्रात सगळे परत आले तेव्हा तिची आई बाजारात भेटली. म्हणाली, "गुर्जी, चार महिने एका पाचटाच्या कोपीत राहिलो, पन लेक माझ्यासंगं बोलली न्हाई. भाकर मागायची तर बापाला सांगायची. बायांपुढं म्हणाली, हिला पोटच्या पोरीचा जन्म बी याद न्हाई." बाई रडली नाही. पिशवीतले कांदे वरखाली करत म्हणाली, "मला बी आता वाटायलंय, चुकलंच आसंल माझं." मी म्हणालो, होतं असं कधी कधी. उन्हाळ्यात त्या मुलीचं लग्न झालं. तोडणीला नवराबायकोची जोडी लागते, एकट्याला मुकादम विचारत नाही, म्हणून आमच्याकडे लग्नं लवकर उरकतात. आष्टी तालुक्यात दिली. त्यानंतर मी फुटसाल शिकवला, पण गोलकीपरला शिकवायचं दुसऱ्याच कुणावर तरी सोपवायचो. पुढे पाऊस झाला, कारखाना पेटला, गोदामात पोती लागली.

कागद माझ्या जुन्या डायरीत राहिला. का फाडला नाही, सांगता येत नाही. फाडण्याइतकाही धीर माझ्यात नसावा.

गेल्या वर्षी जुनी रजिस्टरं संगणकावर चढवायचं काम शाळेत आलं आणि माझंच अक्षर म्हणून ते माझ्याकडे आलं. त्या पानावर आलो. नियम असा की आहे तसं उतरवायचं. मी तिच्या नावापुढे पुन्हा एकदा एक जून टाइप केलं. एंटर दाबलं. त्या दिवशी पुढचं नाव चढवलं नाही.

रविवारी आष्टीची गाडी धरली. ती आता तिच्या गावच्या दूध सहकारी सोसायटीत दूध घेण्याचं काम करते. सात-आठ हंगाम तोडणीला जाऊन आली, पाठ धरली, मग हे. मी पोचलो तेव्हा सकाळचं दूध संपलं होतं, ती फॅट काढायचं मशीन पुसत होती. अंगाने भरली होती. ओळखायला वेळ लागला नाही, ना तिला ना मला.

"सर! वाळलात की ओ लई. बसा, च्या ठिवते."

मी चहा नको म्हणालो, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. गाव, ग्रामसेवक, रजिस्टरचं पान, माझं पद. कागद काउंटरवर ठेवला. तिने हात पुसले, कागद उलगडला, वाचला. घडीवर फाटायला आला होता.

"म्हंजी मी बसत व्हते."

"हो."

"आनि तुमाला ठावं व्हतं. गोदामाच्या दारात इचारलं तवा."

"हो."

ती मला काही बोलेल, शिव्या देईल, याची तयारी करून मी गेलो होतो. खरं सांगायचं तर मला त्या हव्याच होत्या. शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो. तिने कागदाची पुन्हा घडी केली आणि माझ्याच खिशात ठेवली. "मला सांगून काय करता सर? माझं काय, गेलं ते गेलं. चला घरी. आई माझ्याकंच आसती आता."

घर सोसायटीच्या मागेच होतं. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला बघून पदर सारखा केला. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगायला लागलो. ती कानामागे हात धरून म्हणाली, "मोट्यानं बोला गुर्जी, मला ऐकू येत न्हाई."

मी आवाज वाढवला. तरी नाही. शेजारच्या दोघी हापशावर होत्या, त्यांचा हापसा थांबला. तिसऱ्यांदा मी ओरडूनच सांगितलं. "मावशी, तुमचं बरोबर होतं. नोंद सापडली होती. मी लपवली. खोटं मी बोललो." एवढ्या मोठ्याने मी शाळेच्या मैदानावरही कधी बोललो नव्हतो. घसा दुखला.

बाईने शेंगा बाजूला ठेवल्या. "गुर्जी म्हणले म्हणून मीच मला खोटं समजले," ती म्हणाली. "कावून केलंत आसं?"

मी नोकरीचं सांगायला तोंड उघडलं. हापशावरच्या बाया ऐकत होत्या. बाईने उत्तराची वाट पाहिली नाही. मान वळवून, आपल्याला ऐकू येत नाही म्हणून सगळ्यांनाच येत नसेल अशा मोठ्या आवाजात तिने दाराकडे विचारलं, "ऐकलंस का गं?"

मुलगी दारात पाठमोरी उभी होती, दुधाची कॅन विसळत. हात थांबले.

"ऐकलं, आई," ती म्हणाली.